गम निघतो, मग रंग का जातो?

लग्नसराईत घरचीच गाडी सजवायची ठरली की झेंडूच्या माळा सरळ बॉनेटवर सेलोटेपने चिकटवल्या जातात. वरात होते, पाहुणे जातात, फुलं गळून पडतात. टेप मात्र उन्हात तसाच राहतो. मग एखाद्या रविवारी तो ओढला की वरचं प्लास्टिक हातात येतं आणि गम गाडीवर. शोरूमने डिकीवर लावलेलं स्वतःच्या नावाचं स्टिकर, निवडणुकीतला झेंडा, रेडियमवाल्याकडून हौसेने करून घेतलेलं मुलाचं नाव, सगळ्यांची गत हीच. पुढे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो रॉकेल, दुसरा थिनर, तिसरा जुनं ब्लेड घेऊनच येतो.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच समज असतो: गम चिवट आहे, तेव्हा जोर लावून घासला पाहिजे. गाडीचा रंग बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. टेपचा किंवा स्टिकरचा गम वाळून टणक होण्यासाठी बनवलेला नसतो; मऊ राहून नुसत्या दाबाने चिकटणं हेच त्याचं काम. उघड्यावर पडला की त्याच गुणामुळे तो रस्त्यावरची धूळ पकडत बसतो. जुना गम काळपट दिसतो तो या धुळीने. तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा पुष्कळ कठीण असतात. आपल्याला वाटतं आपण फडक्याने घासतोय. प्रत्यक्षात काचकागद फिरवत असतो. भांड्यांची हिरवी घासणी, टूथपेस्ट आणि तो पांढरा ‘जादूचा’ स्पंज यांच्यात तर खरवडण्याचा गुण मुळातच आहे, त्यांना धुळीचीही गरज लागत नाही.

आणि खरवडायला तिथे असतं तरी किती? पत्र्यावरचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, झेरॉक्सच्या एका कागदाएवढी. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजवाले ‘क्लिअर’ म्हणतात, तो 40-50 मायक्रॉनच्या आसपास. ऊन अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. रबिंग कॉम्पाउंडने ओरखडे ‘गेले’ असं आपण म्हणतो तेव्हा ओरखडा भरून आलेला नसतो. त्याच्या भोवतालचं क्लिअर घासून त्याच्या पातळीला आणलेलं असतं. म्हणून रबिंग हा शेवटचा उपाय. गम काढायला तर ते मुळीच वापरू नये.

गमाला लागतो तो वेळ. आधी शाम्पूच्या पाण्याने ती जागा धुऊन कोरडी करावी. मऊ सुती फडक्याची घडी रॉकेलमध्ये किंवा रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये ओली करून गमावर नुसती ठेवावी. उडून जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा टाकावा. चार-पाच मिनिटांनी घडी उचलली की गम फुगून मऊ झालेला दिसतो. आता अंगठ्याने एका दिशेला हलकं लोटलं तर त्याच्या बारीक शेवया वळत सुटून येतात. आल्या नाहीत तर जोर वाढवायचा नाही, घडी पुन्हा ठेवायची. फडक्याची बाजू प्रत्येक पुसण्याला बदलायची, नाहीतर काढलेला गम आपणच पुढे सारवत नेतो. घरात दुसरं काही नसेल तर खोबरेल तेलही चालतं, विशेषतः रबरी गमावर. फक्त त्याला तासभर द्यावा लागतो.

रॉकेलबद्दल मात्र दोन टोकांचे समज आहेत. काहींना ते रंग खाईल अशी धास्ती वाटते, तर काही जण चमक येते म्हणून सगळी गाडीच रॉकेलने पुसतात. कंपनीत भाजून पक्क्या झालेल्या रंगाला थोडा वेळ लागलेलं रॉकेल काही करत नाही. ती चमक म्हणजे मागे राहिलेला तेलकट पापुद्रा. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर धूळ बसते. काम झालं की ती जागा पुन्हा शाम्पूने धुवायची. पेट्रोल मात्र नको. ते शून्याखाली 40 अंशांनाही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि पार्किंगमध्ये शेजारी कोण काडी ओढेल याचा भरवसा नसतो.

थिनरची गोष्ट वेगळी. ‘रंगात थिनर असतंच की, मग त्याने रंगाला काय होणार?’ हा युक्तिवाद पेंटरच्या तोंडूनही ऐकू येतो. कंपनीतला रंग साधारण 140 अंशांवर भाजताना त्यातले रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंततात, त्यामुळे थिनर त्याला पुन्हा विरघळवू शकत नाही. फार वेळ राहिलं तर मऊ आणि निस्तेज मात्र करतं. पण ठोकलेला दरवाजा गल्लीतल्या गॅरेजमध्ये साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाने मारून घेतला असेल, तर थिनरच्या पहिल्याच हाताला रंग फडक्यावर येतो. सेकंडहँड गाडीचं कोणतं पॅनल कधी रंगवलंय हे मालकालाही ठाऊक नसतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन थिनरचंच भावंड. यांतलं कुठलंही हेडलाइटच्या प्लास्टिकवर गेलं तर त्यात बारीक तडे पडतात आणि ते कशानेच भरत नाहीत. म्हणून कुठलंही द्रव आधी दाराच्या खालच्या कडेला, पांढऱ्या कापडाने लावून बघावं. कापडावर रंग उतरला तर तिथेच थांबावं.

गाडी भर उन्हात लावली की काम सोपं होतं, हे अर्धंच खरं. स्टिकर सोलायला ऊब हवी, कारण ऊबदार गम लवचिक होतो आणि कागदाबरोबर निघून येतो. त्यासाठी हेअर ड्रायर पुरतो. पत्र्याला हात टेकवता येईल इतपतच तापवावं आणि स्टिकर वर न खेचता मागे दुमडून सावकाश ओढावं. पण रॉकेल लावायचं ते थंड पत्र्यावर आणि सावलीत. तापलेल्या पत्र्यावर ते मुरण्याआधीच उडतं. ड्रायर आणि रॉकेल एका वेळी हातात असू नयेत, हे सांगायला नकोच.

ब्लेड रंगावर कधीच नाही. एटीएमचं जुनं कार्ड पुरे. काचेवर ब्लेड चालतं, पण मागच्या काचेच्या आतल्या बाजूला नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केल्यावर फिल्म उतरवण्याची घाई झाली. अशा वेळी आतून ब्लेड फिरवलं की गमाबरोबर डिफॉगरच्या बारीक रेघाही खरवडून निघतात.

सगळं करूनही स्टिकरच्या आकाराचा ठसा दिसतोच, तेव्हा ‘गम अजून आहे’ म्हणून लोक घासत राहतात. बोटावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून ते बोट त्या जागेवर फिरवा. खरखर लागली तर गम आहे. गुळगुळीत लागलं आणि तरी अक्षरं वाचता येत असतील, तर तो गम नव्हे. स्टिकरखालचा रंग तेवढा मूळचा राहिलाय, भोवतालचा उन्हाने उडालाय. अशा वेळी थोडंफार पॉलिश करायचं ते भोवतालच्या भागाला, आणि तेही गाडीला मॅट फिनिश नसेल तरच. लाल गाड्यांत हा फरक जास्त उठून दिसतो आणि कधीकधी पूर्ण जातही नाही. त्याच जागी नवं स्टिकर लावून झाकायचा विचार असेल तर हरकत नाही. फक्त पॅनल नुकतंच रंगवलेलं असेल तर निदान महिनाभर थांबा. ताज्या रंगातून द्रावक अजून बाहेर पडत असतं, त्यामुळे वर लावलेल्या स्टिकरखाली फुगे येतात आणि स्टिकर काढायला गेलं तर रंगाचा पापुद्राही सोबत येतो.