शब्दामागची गोष्ट : बॉयकॉट

'बॉयकॉट' म्हटले की क्रिकेटरसिकांना इंग्लंडचे सलामीवीर जेफ्री बॉयकॉट आठवतात. बहिष्कार या अर्थाने इंग्रजीत रूढ झालेला 'बॉयकॉट' हा शब्दही मुळात एक आडनावच आहे.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. मागितली तेवढी सूट तर मिळाली नाहीच. उलट बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावण्यास आरंभ केला. कुळांनी त्याच्यावर हात उगारला नाही. 'लँड लीग'चे पुढारी पार्नेल यांनी सांगितलेला सर्व व्यवहार तोडण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. मजूर शेतावर फिरकेनात, दुकानदार माल देईनात. अखेर बाहेरून सुमारे ५० माणसे आणून लष्कराच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. त्या बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. डिसेंबरात बॉयकॉटने आयर्लंड सोडले. त्याचे आडनाव मात्र क्रियापद होऊन फ्रेंच, जर्मन भाषांतही पोहोचले.

वंगभंगानंतर, १९०५ साली, लोकमान्य टिळकांनी विदेशी मालाविरुद्ध पुरस्कारिलेला बहिष्कार याच जातीचा, दुर्बलांनी सत्तेविरुद्ध उचललेला. पण मराठीत 'बहिष्कार' शब्दाला दुसरी, जुनी छटाही आहे : वाळीत टाकणे. तेथे समूह बलिष्ठ असतो आणि एकटे कुटुंब दुर्बल. म्हणूनच २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात असा सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरविला. विदेशी मालावरील बहिष्काराशी त्याचे साम्य केवळ नावापुरते आहे.