हार्ड डिस्कविना लिनक्स : फ्लॅशवरील रूट फाइल सिस्टीमचा मागोवा

फ्लॅश स्मृतीत लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. एम्बेडेड लिनक्सची रूट फाइल सिस्टीम, म्हणजे कर्नल सुरू झाल्यावर लागणारे प्रोग्रॅम, लायब्ररी आणि सेटिंग्ज, अशा माध्यमावर ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने घडत गेली.

सुरुवातीचा सोपा मार्ग क्रॅमएफएसचा होता : सगळ्या फाइली दाबून ठेवायच्या आणि फक्त वाचायच्या. सेटिंग बदलून जपायचे, तर वेगळी सोय लागे. 1999 मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने जेएफएफएस ही फाइल सिस्टीम आणली. तिच्यात प्रत्येक बदल नोंदवहीसारखा पुढच्या मोकळ्या जागेत लिहिला जाई. लिहिताना वीज गेली, तरी जुनी नोंद शाबूत राही. 2001 मध्ये रेड हॅटच्या डेव्हिड वुडहाउस यांनी जेएफएफएस2 मध्ये कॉम्प्रेशनची भर घातली आणि ब्लॉकांची झीज सारखी वाटण्याची पद्धत सुधारली.

तिचा एक मोठा वापर महाराष्ट्रातही पोहोचला. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचे एक्सओ-1 लॅपटॉप आले. त्यांत हार्ड डिस्क नव्हती. फेडोरावर आधारलेली प्रणाली आणि मुलांचे काम, दोन्ही 1 गिगाबाइट नँड फ्लॅशवर जेएफएफएस2 मध्येच राहत. हलणारा भाग नसल्याने धक्क्यांचे भय कमी होते आणि वीजही कमी लागे.

मात्र एवढ्या क्षमतेला जेएफएफएस2 ची मर्यादा उघड होत होती. फाइलींची अनुक्रमणिका फ्लॅशवर नसल्याने माउंट करताना नोंदी चाळून ती रॅममध्ये उभी करावी लागे. साठा वाढला, की वेळ आणि रॅम दोन्ही वाढत. ब्लॉकांना आटोपशीर गोषवारा जोडल्याने चाळणी लवकर होई, पण रॅमचा भार तसाच राही.

उत्तर कामाच्या वाटणीतून आले. 2007 मध्ये कर्नलात दाखल झालेल्या यूबीआयने झीज आणि खराब ब्लॉक सांभाळायचे आणि 2008 च्या 2.6.27 कर्नलमधील यूबीआयएफएसने वर फाइली ठेवायच्या. हिची अनुक्रमणिका फ्लॅशवरच असते. नोकिया आणि हंगेरीच्या सेगेद विद्यापीठाने ती घडवली.

पुढे ईएमएमसी आणि एसडी कार्डांनी झीज आणि खराब ब्लॉक सांभाळण्याची जबाबदारी आपल्या कंट्रोलरकडे घेतली. त्यांवर एक्स्ट4 सारखी डिस्कसाठीची फाइल सिस्टीमही चालते. एक्सओ-1 नंतरच्या एक्सओ-1.5 लॅपटॉपने मायक्रोएसडीचीच वाट धरली. सॅमसंगची एफ2एफएस 2013 मध्ये अशाच साठ्यासाठी कर्नलात आली. राउटरमध्ये वाचनापुरती स्क्वॅशएफएस आणि तिच्यावर लिहिता येणारा छोटा थर ही जोडी रुळली. सेटिंग्ज बिघडल्या, तर वरचा थर पुसून मूळ प्रणाली परत मिळते. कंट्रोलर नसलेल्या नँडवर मात्र यूबीआयएफएस आजही वापरात आहे.