वादळातील दिवा आणि चार्ज कंट्रोलरची निवड

आपल्या मॉरिशसमध्ये नोव्हेंबर ते मे हे सिक्लोनचे दिवस. १९६० सालच्या कॅरोल आणि १९७५ सालच्या जर्वेझ वादळाच्या गोष्टी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. जानेवारी २०२४ मधील बेलाल वादळ तर आपल्या मुलांनीही पाहिले. वादळ आले की वीज जाते, म्हणून काही कुटुंबे एक लहान सोलर पॅनेल व बॅटरी घरी ठेवू इच्छितात. पॅनेल आणि बॅटरी सहज निवडता येतात. अडते ते त्या दोहोंच्या मध्ये बसणाऱ्या पेटीपाशी. तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. तो चुकीचा घेतला तर पैसे वाया जातात आणि ऐन वादळात बॅटरी दगा देते. म्हणून त्याविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

या पेटीचे काम काय? १२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल उन्हात सुमारे १८ व्होल्ट देते. ते सरळ बॅटरीला जोडले तर भरलेल्या बॅटरीतही वीज शिरत राहते आणि बॅटरी खराब होते. कंट्रोलर साध्या शिशाच्या बॅटरीला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत भरतो आणि मग १३.६ च्या आसपास राखतो. बॅटरी फार उतरली की दिव्यांची वीजही तोडतो.

कंट्रोलर दोन प्रकारचे असतात. पीडब्ल्यूएम हा साधा व स्वस्त. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, त्यामुळे १०० वॉटच्या पॅनेलमधून सुमारे ७० वॉट मिळतात. एमपीपीटी महाग, तो जादा व्होल्टेजचे करंटमध्ये रूपांतर करतो आणि ९० वॉटच्या आसपास देतो. मात्र ऊन कडक असते तेव्हा पॅनेल तापते, त्याचे व्होल्टेज उतरते आणि हा फरक आणखी कमी होतो. आपल्या किनाऱ्यावरील गावांत हे ध्यानात ठेवावे.

आता हिशेब करू. ७ वॉटचे दोन दिवे पाच तास लावले तर ७० वॉट-तास. रेडिओला ३० आणि दोन फोनना ३० धरा. एकूण १३० झाले. चार तास चांगले ऊन मिळाले तर साध्या कंट्रोलरनेही २८० वॉट-तास येतात. म्हणजे एवढ्या गरजेला पीडब्ल्यूएम पुरतो. वाचलेले पैसे बॅटरीत घालावेत, कारण वादळात ऊन नसते आणि सारा भार बॅटरीवरच पडतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्धीच वापरली तरी ६०० वॉट-तास मिळतात. चार रात्री निभावतात.

परंतु कोणी घराच्या छपरावर बसवतात तसले ३०० वॉटचे मोठे पॅनेल आणले, तर गोष्ट निराळी. ते ३० व्होल्टच्या वर चालते आणि सुमारे १० अँपिअर देते. साध्या कंट्रोलरने १२ व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम १३० वॉट जातील. तेथे ३० अँपिअरचा एमपीपीटीच घ्यावा. असे पॅनेल मोकळे असता ४० व्होल्टपर्यंत जाते. कंट्रोलरची मर्यादा त्याहून बरीच अधिक हवी.

दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आकार. साध्या कंट्रोलरसाठी पॅनेलच्या मागे लिहिलेल्या शॉर्ट सर्किट करंटमध्ये चौथा हिस्सा मिळवावा. ६ अँपिअरचे साडेसात होतात, म्हणून १० अँपिअरचा घ्यावा. दुसरी, बॅटरीचा प्रकार. शिशाची, जेल आणि लिथियम यांची भरण्याची रीत वेगळी आहे. आपली बॅटरी कंट्रोलरच्या यादीत असलीच पाहिजे. तिसरी, खोटे लेबल. एमपीपीटी लिहिलेल्या काही स्वस्त पेट्या आतून साध्याच असतात. परीक्षा सोपी आहे. भर उन्हात, बॅटरी रिकामी असताना, बॅटरीत जाणारा करंट पॅनेलमधून येणाऱ्या करंटहून अधिक दिसला पाहिजे. दोन्ही सारखेच असले तर पेटी साधी समजावी.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरीजवळ फ्यूज असावा. वादळाचा दुसरा इशारा लागताच, वारा वाढण्याआधी, पॅनेल उतरवून घरात आणावे. आणि ही वीज घराच्या तारांना कधीही जोडू नये. बंद समजून खांबावर चढलेल्या कामगाराचा त्यात जीव जाऊ शकतो.

खरेदीआधी मुलांना कागद-पेन्सिल देऊन आपल्या घरातील दिव्यांचा हिशेब करायला बसवावे. तो कागद घेऊनच दुकानात जावे.