वरून येणारा हात

आपल्या भाषेनं पाल-सरड्यांवर फारशी माया केलेली नाही. मनात शंका आली की पाल चुकचुकते, माणूस बेभरवशाचा निघाला की तो सरड्यासारखा रंग बदलतो. त्यामुळे हौसेनं सरडा पाळणारं कुणी भेटलं, की आपण आधी नाक मुरडतो. माझ्या भाच्यानं पुण्यात हिरवा इग्वाना पाळला आहे. त्याच्याकडे जाऊन-येऊन मी जे पाहिलं, ऐकलं आणि वाचलं, ते आज सांगतो.

इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. झाडावर राहणारा, पाला खाणारा. पिल्लू वीतभर असतं, पण पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट पाच-सहा फूट भरतो. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. नवीन घरात तो घाबरलेला असतो आणि त्याची भीती आपल्याला राग वाटते. तो अंग चपटं करून आडवा उभा राहतो, म्हणजे आहे त्याहून मोठा दिसावा. गळ्याखालची झालर ताणतो, शेपटीचा चाबूक ओढतो, तेवढ्यानं भागलं नाही तर चावतो. शेपटी धरलीत तर ती तोडून टाकून पळतो. नवी फुटते, पण पहिल्यासारखी नाही.

एवढं घाबरायला काय झालं? बहुतेक वेळा आपला हात वरून येतो. रानात वरून झडप घालतो तो शिकारी पक्षी. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला आकार दिसत नाहीत, पण उजेड आणि सावली कळते. डोक्यावर सावली पडली, की पिढ्यान् पिढ्यांची भीती जागी होते. म्हणून पहिला नियम हा, की हात बाजूनं, त्याला दिसेल असा, सावकाश न्यायचा.

त्याआधी त्याचं घर नीट हवं. त्याला ऊब बाहेरून मिळवावी लागते. ऊन खायची जागा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, अतिनील किरणांचा दिवा, चढायला फांदी आणि लपायला आडोसा, एवढं हवंच. गारठलेला किंवा आजारी इग्वानाही गप्प असतो. त्याला माणसाळलेला समजू नये.

आणल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे हात लावायचाच नाही. रोज ठरल्या वेळी जवळ बसायचं, पेपर वाचायचा. मग हातानं खायला द्यायचं. जास्वंदीचं फूल त्याला फार आवडतं. मग नुसता हात आत ठेवायचा. त्यानं शेपूट उगारली आणि आपण दचकून हात ओढला, तर शेपूट उगारली की हात जातो, एवढंच तो शिकतो. म्हणून हात तिथंच स्थिर ठेवायचा, तो निवला की काढायचा. उचलताना पोटाखालून, चारही पायांना आधार मिळेल असं. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत. नंतर साबणानं हात धुवायचे, कारण अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना विशेष जपावं.

एकदा पाठीवरून हात फिरवताना इग्वानानं डोळे मिटले. भाचा हरखून म्हणाला, ‘‘मामू, बघा कसा लाडात आलाय!’’ पुढं जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं, की इग्वाना नकोशा गोष्टीपुढंही डोळे मिटतो. पळता येत नाही, तर निदान बघायचं नाही! कवितेच्या नादात माझं आयुष्य गेलं, पण मौनाचा अर्थ आपल्या सोयीनं लावू नये, हे मला त्या खोलीत नव्यानं पटलं. श्वास संथ असेल, डोळे उघडे असतील, जिभेनं तो हात चाचपत असेल आणि आपण होऊन मनगटावर चढत असेल, तर तो खरोखर निर्धास्त आहे. विणीच्या हंगामात नर पुन्हा बिथरतो. तेव्हा त्याला एकटं सोडावं.

कायदाही माहीत हवा. आपली घोरपड पाळणं गुन्हा आहे; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण दिलं आहे. इग्वानासारख्या परदेशी प्राण्यांची नोंद २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. आणि झेपेना म्हणून त्याला बाहेर सोडून देऊ नये. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सुटलेल्या आणि सोडलेल्या इग्वानांची पैदास होऊन ते आज तिथल्या निसर्गाला डोईजड झाले आहेत.

इग्वाना कुत्र्यासारखा दारापर्यंत धावत येणार नाही. पळायची वाट मोकळी असूनही तो हातावर बसून राहिला, तर त्याच्या परीनं त्यानं पुष्कळ दिलं. तेवढ्यावर समाधान मानता येत असेल, त्यानंच हा प्राणी घरी आणावा.