मोरसला गेलेले आजोबा



गेल्या गणपतीत आम्ही दोघे गावी गेलो, तेव्हा आजीने पुन्हा तेच विचारले, "दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर बसता, मग मोरसला गेलेल्या आजोबांचं काय झालं ते शोधा की!"

मोरस म्हणजे मॉरिशस. तिथून येणाऱ्या पांढऱ्या साखरेलाही आपल्याकडे मोरसच म्हणत. हे आजोबा आमच्या खापरपणजोबांचे चुलते. गेले ते परत आलेच नाहीत. तिथी माहीत नाही म्हणून घरात त्यांचे नाव सर्वपित्रीला घेतात.

दुबईला परतल्यावर शोध सुरू केला तो चुकीच्या टोकाने. आडनाव टाईप करायचे आणि शून्य उत्तरे बघायची! आम्हां आयटीवाल्यांना हे उशिरा कळले, की त्या काळच्या नोंदीत बहुतेकांचे आडनाव नसतेच. माणसाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, जिल्हा, वय, उंची, अंगावरची खूण आणि जहाजाचे नाव, एवढे असते. पुढे मॉरिशसमध्ये आजोबाचे नावच नातवंडांचे आडनाव झाले. म्हणून तिथल्या मराठी घरांत सखाराम, बाबाजी अशी आडनावे दिसतात.

थोडी पार्श्वभूमी. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी झाली. १८३४ च्या नोव्हेंबरात 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ जण कलकत्त्याहून पोहोचले. पहिला करार ५ वर्षांचा, पगार महिना ५ रुपये. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापायची पद्धतही पुढे आली. (आपल्या एचआरला सांगू नका!) पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय तिथे उतरले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान. त्यातली बरीच माणसे रत्नागिरीकडची.

पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. प्रत्येकाला एक नंबर मिळे. ती रजिस्टरे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत. दुबईहून मॉरिशसला थेट विमान आहे, साडेसहा तासांचे. जायचे असेल तर आधी पत्र लिहून वेळ ठरवलेली बरी.

पण त्याआधी घरचा अभ्यास हवा. वंशावळ, नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या, भाऊबंदांच्या आठवणी. बापाचे नाव पक्के नसेल तर एकाच नावाचे वीस जण समोर येतात. जिल्ह्याचेही भान ठेवा. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, त्याआधी तो भाग रत्नागिरीत होता. सावंतवाडी तर तेव्हा संस्थान होते.

आम्हाला १८५० च्या दशकातली एक नोंद सापडली. नाव जुळले, बापाचे नाव जुळले, वय २२. गावाचे स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाने लिहिलेले! कितीतरी वेळ कळेना. शेवटी हिने ते मोठ्याने, मालवणी हेल काढून वाचले आणि आम्ही दोघे एकदम हसलो. आमचेच गाव! फोटो नाही, नोंदींना फोटो जोडायची पद्धत १८६० च्या दशकातली. परतल्याचा शेरा नाही, मृत्यूचाही नाही.

त्याच रात्री आजीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उतरले ना सुखरूप? बरं झालं. आणि लग्न केलं का रे त्यांनी?"

आता तिथल्या विवाहनोंदी बघायच्या आहेत. आडनाव काय शोधायचे, ते या वेळी ठाऊक आहे.