टॅगांनी लगडलेलं पान घड्याळासमोर

गेल्या लेखांकात जेएसपीचं पान सर्व्हरवर कसं तयार होतं ते पाहिलं. आता प्रश्न वेळेचा. समजा, निकालांची २०० ओळींची यादी आहे, दर ओळीत पाच रकाने आणि प्रत्येक रकाना 'सी:आउट' टॅगमधून छापलेला. पान एकदा उघडलं की एक हजार टॅग चालतात. 'टॅगांमुळेच पान रखडतं' म्हणून मोकळे होणारे पुष्कळ असतात, मोजून सांगणारे थोडे.

मोजायला अपाचीचं 'एबी' पुरतं. एकूण विनंत्या किती आणि एका वेळी किती, एवढं सांगितलं की झालं. माहिती मात्र मेमरीतली, ठरावीक ठेवावी, नाहीतर मोजमाप डेटाबेसचंच होतं.

टॉमकॅटमधला जॅस्पर पहिल्या विनंतीला पानाचं जावात रूपांतर करून ते कंपाइल करतो. तो वेळ टॅगांच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं. पुढेही जेव्हीएम सुरुवातीला कोड नुसता वाचत चालवतं आणि वारंवार लागणाऱ्या भागाचाच मशीन कोड करतं. म्हणून आधी काही हजार विनंत्या सोडून त्यांचे आकडे फेकून द्यावे. 'डेव्हलपमेंट' हे सेटिंगही बंद करावं. मूळ मांडणीत ते चालूच असतं आणि त्यामुळे टॉमकॅट फाइल बदलली का ते अधूनमधून तपासत राहतो.

खरी गंमत पानाच्या आकारात आहे. पानाचा मुख्य कोड एकाच मेथडमध्ये जातो आणि जावात एका मेथडचा बाइटकोड ६५,५३५ बाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. गेला तर पान कंपाइलच होत नाही, त्यामुळे ही मर्यादा लगेच लक्षात येते. त्याआधीची मर्यादा मात्र मुकी आहे: हॉटस्पॉट हे जेव्हीएम ८,००० बाइटांहून मोठ्या मेथडचा मशीन कोड मुळातच करत नाही. पान बिनतक्रार चालतं, पण त्याचा मुख्य भाग कितीही तापवला तरी वेग घेत नाही.

टॅगच्या पोटात स्क्रिप्टलेट नसेल तर जॅस्पर बहुतेकदा त्याची वेगळी छोटी मेथड करतो. तिथे जावाच्या दोन ओळी घुसवल्या की सगळं मुख्य मेथडमध्येच ओतलं जातं.

त्यामुळे २० टॅगांच्या पानावरून २०० टॅगांचा हिशेब गुणाकाराने लागत नाही. २०, ५०, १००, २०० टॅगांची पानं वेगवेगळी मोजावी आणि आलेख मध्येच उडी घेतो का ते पाहावं. एबी खाली टक्केवारीचा तक्ता छापतं. त्यातली ९९ टक्क्यांची ओळ सरासरीपेक्षा बोलकी असते. उडी दिसली तर पान 'जेएसपी:इन्क्लूड' टॅगने तोडून पुन्हा मोजावं. इन्क्लूड डायरेक्टिव्ह इथे कामाचं नाही, कारण ते मजकूर त्याच पानात ओततं.

एक पळवाट नेहमी सुचवली जाते: २००३ च्या जेएसपी २.० पासून डॉलरच्या खुणेची अभिव्यक्ती थेट लिहिता येते, मग 'सी:आउट' कशाला? आकडा सुधारेलही. पण 'सी:आउट' दोन्ही कोनकंस, अँपरसँड आणि दोन्ही अवतरणचिन्हं निरुपद्रवी करून छापतो. वापरणाऱ्याने टाइप केलेली नावं त्या यादीत असतील तर ही तुलनाच गैरलागू.

पुढच्या आठवड्यात: एकदा घडवलेले टॅग-हँडलर टॉमकॅट पुन्हा कसे वापरतो आणि ते पूलिंग बंद केल्यावर काय होतं.