पंधराव्या फेरीचा अध्यक्ष

जानेवारी 2023. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाकडे 222 जागांचं काठावरचं बहुमत होतं, पण केविन मॅकार्थी यांना सभागृहाचे अध्यक्ष करायला पक्षातल्याच 19 जणांनी मतदानाच्या पहिल्या फेरीत नकार दिला. अध्यक्ष निवडला जात नाही तोवर सदस्यांचा शपथविधीही होत नाही. सगळं सभागृहच अडकून पडलं.

चौदाव्या फेरीत मॅकार्थी एका मताने हुकले. तेव्हा अलाबामाचे माइक रॉजर्स संतापून बंडखोर मॅट गेट्झ यांच्या अंगावर धावले. सहकाऱ्याने तोंडावर हात धरून त्यांना मागे ओढलं. पंधराव्या फेरीत, मध्यरात्र उलटल्यावर, मॅकार्थी जिंकले.

पण कोणत्या अटींवर? एकट्या सदस्यालाही अध्यक्षांना हटवण्याचा प्रस्ताव आणता येईल, हे त्यांनी मान्य केलं होतं. खुर्चीसाठी मोजलेली ही किंमत फारच मोठी होती. 2 ऑक्टोबरला गेट्झ यांनी तेच हत्यार उपसलं. दुसऱ्या दिवशी आठ रिपब्लिकन विरोधकांना जाऊन मिळाले आणि 216 विरुद्ध 210 मतांनी मॅकार्थी पायउतार झाले. अमेरिकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

मग अध्यक्षपदासाठी पक्षातून स्कॅलीस, जॉर्डन, एमर अशी एकेक नावं पुढे आली आणि बारगळली. तीन आठवडे सभागृहाचं कामकाज ठप्प होतं. अखेर 25 ऑक्टोबरला लुइझियानाच्या, फारशा परिचित नसलेल्या माइक जॉन्सन यांच्या नावावर पक्षाचं एकमत झालं.